गावाकडची भिंत

पुणे, १२ सप्टेंबर १९४६

प्रिय दीनावहिनींना कृपादानचा सलाम.

दयाला आणि वस्तीतल्या सर्व मंडळींना माझा सलाम सांगावा. इकडे आम्ही बरे आहोत. पाऊस थांबत नाही आणि कपडे वाळत नाहीत, एवढीच तक्रार.

एका कामासाठी लिहितो आहे. ते तुमच्याशिवाय कोणाला जमेलसं वाटत नाही. तुम्हाला खूश करायला म्हणत नाही. तुम्ही तशा खूश होत नाही हे मला ठाऊक आहे.

दादांच्या शाळेचं काय करायचं ते डिसेंबरात ठरणार. आमच्या शाळा-समितीपुढे दोन सूचना आल्या आहेत. एक, चौथीपर्यंतची शाळा सातवीपर्यंत वाढवावी. दादांनी त्यासाठी किती अर्ज केले ते तुम्ही जाणताच. दुसरी, शाळा बंद करून त्या खोलीत सुतारकी आणि विणकाम शिकवावं, म्हणजे वस्तीतल्या पोरांना कोणाच्या दारी जावं लागणार नाही. दोन्ही करणं समितीला झेपणारं नाही.

एरवी अशा वेळी पाळकसाहेबांना आणि दोनचार वडीलधाऱ्यांना विचारून काम भागतं. यंदा समितीवर मिशनच्या एक अमेरिकन मिसबाई आल्या आहेत, त्यांनी वेगळंच काढलं. ज्यांच्यासाठी करायचं त्या तरुणांनाच विचारा, म्हणतात. त्याची एक रीत आहे. लढाईच्या दिवसांत त्यांच्या देशात रेडिओवरचं भाषण लोकांना खरोखर कसं वाटलं हे जाणून घ्यायला ती वापरली. आठदहा माणसं एकत्र बसवायची. विषय एकच काढायचा आणि त्यांना आपसात बोलू द्यायचं. एकट्याला विचारलं तर माणूस सांभाळून बोलतो. चौघांत एकाचं ऐकून दुसऱ्याला आठवतं, तिसरा खोडून काढतो, आणि पोटातलं ओठांवर येतं.

नियम दोनच. विचारणाऱ्याने आपलं मत सांगायचं नाही, मानसुद्धा डोलवायची नाही. आणि जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवायचं, सुधारून नाही.

बोरवाडीतली तरुण मुलं तुम्हाला मानतात. दादांच्या मागे तुम्ही बिगरीचा वर्ग आणि पुस्तकांचं कपाट सांभाळता आहात. तेव्हा हे तुम्हीच करावं. मुलं काय म्हणतात हे कळायला मी उत्सुक आहे.

तुमचा,
कृपादान


बोरवाडी, ता. राहुरी
३० सप्टेंबर १९४६

कृपादान भाऊजींना दीनाचा सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भीती वाटली, दुसऱ्यांदा राग आला, की जी शाळा तुमच्या दादांनी दगड वाहून उभी केली ती ठेवावी का मोडावी हे विचारायला एवढी रीत कशाला लागते. मग म्हटलं, विचारू. विचारायला काय हरकत आहे?

काल रविवारी उपासना झाल्यावर नऊजणांना देवळातच थांबवून घेतलं. पाच मुलगे, चार मुली. सगळी सोळा ते बावीस वर्षांची, आपली दयासुद्धा. शाळेतून तुमच्या दादांची खुर्ची आणि टेबल आणवलं होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि ते बाहेर गेले. मी खुर्चीत बसले, दौत उघडली आणि विचारलं, "शाळेच्या खोलीचं पुढं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

मग अब्राहाम उठला. तोच, बैलाच्या शिंगाला पाटी बांधून शाळेत आला होता तो. आता बावीस वर्षांचा आहे, आंब्याच्या झाडासारखा उंच. हात जोडून म्हणाला, "गुरुजींची शाळा सातवीपर्यंत व्हावी." बसला. मग एस्तेर उठली, तेच म्हणाली. मग पुढचा उठला. अशी रांगेनं नऊही उठली, आणि नऊही तेच म्हणाली.

भाऊजी, मी मान डोलावली नाही. डोळ्यांना मात्र पाणी आलं. त्याबद्दल तुमचा नियम काय आहे ते तुम्ही लिहिलं नव्हतं.

तुमच्या दादांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा चष्मा अजून कपाटात पुस्तकांच्या पुढे ठेवलेला आहे. पुस्तक काढताना तो बाजूला करावा लागतो आणि मी तो पुन्हा तिथंच ठेवते. नाताळाला शाळेच्या तीन भिंती पांढऱ्या करते. चौथी, गावाकडची, करत नाही, कारण तिच्यावर आतून त्यांनी काढलेला जिल्ह्याचा नकाशा आहे. तुम्ही पाहिलाय. गेरूच्या रेघा, नद्या आणि भंडारदऱ्याचं धरण कपड्यांच्या निळीनं रंगवलेलं, आणि आपली बोरवाडी नगर शहराएवढी मोठी. साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, हे प्रमाणात नाही. हे म्हणाले, "साहेब, पोरांना आपलं गाव दिसलं पाहिजे."

ती पोरं आज त्यांची शाळा मागतात. मला फार अभिमान वाटला. समितीला सांगा, नऊजणांपैकी नऊ.

तुमची,
दीनावहिनी


पुणे, ११ ऑक्टोबर १९४६

प्रिय दीनावहिनींना सलाम.

तुमचं पत्र समितीत वाचून दाखवलं. तुमच्या लिहिण्याला काही तोड नाही. लग्न होऊन आलात तेव्हा तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि दादांच्या वर्तमानपत्राचे तुकडे जोडत चुलीपाशी बसून तुम्ही वाचायला शिकलात, हे मी मुद्दाम सांगितलं.

आता जे लिहितो त्याचा राग मानू नका. मिसबाईंनी एवढंच विचारलं, की नऊजण बोलले का एकच बोललं? कुठं बसवलं होतं, खुर्ची कोणाची, प्रार्थना कोणी केली, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, आपली मुलं धर्माचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं लहानपणापासून रांगेत उभी राहून पाठ म्हणतात. देवळात, गुरुजींच्या खुर्चीसमोर, त्यांच्याच पत्नीनं विचारल्यावर ती दुसरं काय म्हणणार? आणि डोळ्यांत पाणी येणं हेही मत सांगणंच झालं, असंही म्हणाल्या.

मला वाटतं त्यांचं चुकत नाही. पुन्हा एकदा बसवाल का? देऊळ नको, रांग नको, खुर्ची नको.

तुमचा,
कृपादान


बोरवाडी, १९ ऑक्टोबर १९४६

कृपादान भाऊजींना सलाम.

कार्डावर मावेल एवढंच लिहिते. माझी मुलं खोटं बोलली असं मिसबाईंचं म्हणणं आहे का? आणि तुमचंही? त्यांना सांगा, तीन वर्षांत मी चारचौघांत एकदाच रडले, तेही नियमात बसलं नाही. आबासाहेबांच्या रानात भुईमूग उपटायला सुरुवात झाली आहे. दया आणि मी शेंगा तोडायला जातो. सध्या वेळ नाही.

दीना


बोरवाडी, १० नोव्हेंबर १९४६

कृपादान भाऊजींना दीनाचा सलाम.

तीन आठवडे लिहिलं नाही. पहिले काही दिवस रागानं. नंतर राग उरला नव्हता, पण काय लिहावं ते कळत नव्हतं. आज लिहिते. लांब आहे, सावकाश वाचा.

तुम्हाला शेंगा तोडायचं आठवत असेल. उपटलेले वेल ढिगानं घालतात आणि बायापोरं भोवतीनं बसून तोडतात. संध्याकाळी ज्यानं जेवढं तोडलं त्याप्रमाणे वाटा मिळतो. आबासाहेबांच्या रानात दोन ढीग असतात, एक गावाचा आणि एक वस्तीचा. मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. असं बसा म्हणून कुणी सांगत नाही. आपोआप तसंच बसलं जातं.

कार्ड टाकल्यावर एके दिवशी देवळातली बहुतेक मुलं आमच्या ढिगाला होती. अब्राहामनं मला छेडलं.

"बाई, तुमच्या मिसबाईचा निकाल आला म्हनं. पास झालो का आमी?"

"नापास," मी म्हटलं. मी अजून घुश्शातच होते. "नऊजणांचं उत्तर एकच. कॉपी धरली."

सगळी खदखदून हसली. एस्तेर म्हणाली, "आता तुमी गुरुजींच्या खुर्चीत बसलेल्या! त्या खुर्चीला न्हाई म्हनायची कुनाची छाती हाय?"

हे तिनं हसत म्हटलं, पण माझा हात थांबला. मला समजलं, की मिसबाई पुण्यात बसून बरोबर बोलल्या होत्या आणि मी समोर बसून आंधळी होते. मी म्हटलं, "बरं. इथं खुर्ची नाही. मी तिकडं तोंड करून बसते. आता बोला. मी काही म्हणणार नाही." आणि खरंच पाठ फिरवली. शेंगा तोडत राहिले.

मग अब्राहामच म्हणाला, "सुतारकी वाईट न्हाई. माझा हात बरा चालतो. पर मी चौकट केली तर ती बसवनार कोन? वस्तीत केलेली चौकट गावातलं कोन आपल्या घराला लावनार हाय?"

पलीकडच्या ढिगावरून आवाज आला, "मी लावीन."

तो आबासाहेबांचा गोरक्षनाथ. मापं घालायला तिथं उभा होता. राहुरीला सातवी झालेला पोरगा.

"तू लावशील. तुझा बा लावू दील का?"

"बा न्हाई दिनार. पर नवं घर मीच बांदनार हाय का न्हाई?"

"गोरख्या," झुंबरबाई ओरडली, "बा तिकडं बांधावर उभा हाय, आन तू हितं त्याचं घर वाटून घेतो व्हय रं?" झुंबरबाई म्हणजे गावाच्या ढिगावरची म्हातारी, तिच्या तोंडाला अख्खं गाव वचकून असतं. पुन्हा हसणं झालं.

मग एस्तेर म्हणाली, "सातवीपर्यंत शाळा झाली वस्तीत, तर वरच्या वर्गाला बसनार कोन? मी आन माझी सावली. पाचवीला मी राहुरीला गेलते तवा पयल्या दिवशी माझ्या बाकावर कुनी बसंना. मग ही बसली." तिनं पलीकडं बोट दाखवलं असावं, कारण झुंबरबाईची नात छबू तिकडून बोलली, "मला बी त्या वर्गात कुनी वळखत न्हवतं. ही निदान आपल्या गावची हुती."

"पर आपन गावात कवा बोललोच न्हवतो."

"न्हाईच. आपली वळख राहुरीत झाली."

भाऊजी, एका गावातल्या दोन मुली. एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत हाक ऐकू जाते. त्यांची ओळख व्हायला राहुरीपर्यंत चालत जावं लागलं. मला हे कधी सुचलं नव्हतं. मी मान डोलावली नाही.

अब्राहाम म्हणाला, "मंजी शाळा बी नको आन सुतारकी बी नको. मग पायजे तरी काय तुमाला?"

तेव्हा दया बोलली. तिला ठाऊक होतं मी तिथंच आहे. माझ्या पाठीपासून दोन हातांवर ती होती.

"देवळात मी जे बोलले ते आईसाठी बोलले," ती म्हणाली. "आता माझ्यासाठी बोलते. बाबांच्या शाळेला गावाकडून दार नाही. खिडकीसुद्धा नाही. लहानपणी मला वाटायचं, गाव बाबांवर रागावलंय. मोठी झाल्यावर कळलं, बाबाच गावावर रागावले होते. त्यांना लहानपणी गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर गोणपाटावर बसवलं, म्हणून त्यांनी गावाकडं पाठ करून शाळा बांधली. त्यांचं काही चुकलं नाही. पण मला कुणी उंबऱ्याबाहेर बसवलं नाही. मी तिथवर गेलेच नाही. मला त्या भिंतीत दार पाहिजे. गावातली मुलं येतील नाहीतर न येतील. दार पाहिजे."

दोन्ही ढिगांचे हात थांबले होते. मग गोरक्षनाथ म्हणाला, "येतील. समदी न्हाई. आमची शाळा चौथीच हाय, ती बी मारुतीच्या देवळात, आन पावसाळ्यात मारुतीच भिजतो. माझ्या धाकट्या भावाला मी आनीन."

"आन बाटला मंजी?" झुंबरबाई.

"आज्जे," अब्राहाम म्हणाला, "सकाळधरनं त्याच रानातल्या शेंगा खातीयास आमच्याबरूबर. शेंगांनं न्हाई बाटलीस, आन ते पाढ्यानं बाटंल व्हय?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. आधी वाटलं चिडली. हसत होती.

घरी येऊन मी लिहायला बसले तेव्हा दया शेजारी बसली आणि चुका काढू लागली. "आई, मी एवढं गोड नव्हते बोलले." तिचं वाक्य मी तीन वेळा खोडून लिहिलं. वर लिहिलंय ते तिनं पास केलेलं.

तर असं आहे. तुमच्या दोन्ही सूचनांत हे नाही. मला हवं होतं तेही हे नाही. आणि दार करायचं तर ते मधोमधच होणार, कारण एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला तुळईचा आधार आहे. मधोमध तुमच्या दादांचा नकाशा आहे. दयाला हे माहीत आहे. माहीत असून ती बोलली.

दीनावहिनी


पुणे, २२ नोव्हेंबर १९४६

प्रिय वहिनी,

सलाम. पत्र दोनदा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती सांगतो. सुतारकीची सूचना समितीत कोणी आणली हे मी लिहिलं नाही. ती माझी होती. मला वाटायचं, पोरांच्या हाताला कसब आलं की त्यांना गावाकडे काही मागावं लागणार नाही, ना पाणी, ना शाळा, ना सलाम. दादांनी मला घरीच शिकवलं. गावच्या शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसण्याची पाळी त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही. म्हणून मी ती शाळा आतून कधी पाहिलीच नाही, आणि बाहेरूनही नाही. दयाचं वाक्य वाचताना वाटलं, ही माझंच सांगते आहे. मी आणखी एक भिंत बांधायला निघालो होतो.

पण वहिनी, एक विनंती आहे. समितीपुढे हे पत्र वाचताना दयाचं बोलणं गाळलं तर? बाकी सगळं वाचतो. इसहाक गुरुजींच्या मुलीनंच गुरुजी गावावर रागावले होते म्हणावं, हे चार लोकांत बरं दिसत नाही. समितीवर दादांना ओळखणारे दोघे आहेत. आणि दुसरी भीती अशी, की मुलांना शाळा वाढवायची नाही एवढंच धरून ते शाळाच बंद करतील. मग तुमचा वर्ग गेला, कपाट गेलं. दादांचं नाव गेलं. तुम्ही हो म्हणा, मी जपून वाचतो.

कृपादान


बोरवाडी, १ डिसेंबर १९४६

कृपादान भाऊजींना सलाम.

हो म्हणत नाही.

तुम्हीच मला नियम लिहून पाठवला होता, जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत. तो बोरवाडीला लागतो आणि पुण्याला लागत नाही असं आहे का?

शाळा गेली तर मला काय वाटेल हे तुम्ही जाणता, म्हणून लिहीत नाही. पत्र आल्यापासून मी रोज त्या भिंतीसमोर बसले. तो नकाशा काढला तेव्हा मी शिडी धरली होती. नीळ त्यांच्या कोपरापर्यंत गेली होती आणि दोन आठवडे निघाली नाही. देवळात प्रभुभोजनाला तसेच निळ्या हातांनी गेले. हे मला रोज आठवतं, आज जास्त आठवलं असं नाही.

पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट तुम्ही विसरलात. वर्गात पोरगं त्यांच्या विरुद्ध बोललं, आणि बरोबर बोललं, तर ते त्याला टेबलापाशी उभं करायचे आणि सगळ्यांना सांगायचे, "ऐका रे, हा विचार करतो." शाबासकी द्यायची त्यांची तेवढीच रीत होती. दयाला ती मिळायची राहिली. तिचे बाबा नाहीत, म्हणून ती मी द्यायची आहे, आणि माझ्याकडे टेबल नाही, समिती आहे.

माझ्या लेकीनं दोन्ही ढिगांसमोर, आई पाठमोरी बसलेली असताना, खरं बोलून दाखवलं. चार लोकांत काय दिसायचं ते दिसू द्या. मला तर फार चांगलं दिसतं.

तिचं बोलणं गाळू नका. आणि दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका, तुम्हीच वाचा.

दीनावहिनी


पुणे, १९ डिसेंबर १९४६

प्रिय वहिनी, सलाम.

वाचलं, सगळं. दयाच्या वाक्यापाशी थांबलो, पाणी प्यालो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दादांना ओळखणाऱ्या दोघांपैकी थोरले, दादांच्या बरोबर शिकलेले, मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, आता उठून जातील. ते म्हणाले, "मीही त्याच गोणपाटावर बसलो होतो. इसहाकनं निदान भिंत बांधली. मी तेवढंही केलं नाही." मग मिसबाईंना म्हणाले, "मुलीला दार द्या."

सुतारकीची सूचना मी मागे घेतली. शाळा बंद होत नाही, सातवीही लगेच होत नाही. दार काढायचं, गावातल्या मुलांना बोलवायचं, एक वर्ष पाहायचं. आली तर वरचे वर्ग आणि आणखी एक मास्तर. आली नाहीत तर पुन्हा बसून बोलू. मिसबाई विचारतात, पुढच्या वेळी त्यांना शेंगा तोडायला बसवाल का. मी म्हटलं, वाटा कमी मिळेल.

नकाशाचं वाईट वाटतं. कागदावर उतरवून घेता आला तर पाहा.

दयाला माझी शाबासकी. मी तिच्या वयाचा असतो तर गप्प बसलो असतो.

तुमचा,
कृपादान


बोरवाडी, २२ जून १९४७

कृपादान भाऊजींना दीनाचा सलाम.

मधे नाताळाचं कार्ड आणि ईस्टरचं एक, एवढंच लिहिलं. आज सगळं लिहिते. तुम्ही यायला हवे होतात.

भिंत मे महिन्यात फोडली. नकाशा मी कागदावर उतरवला नाही. दयानं कागद आणून दिला होता, पण मला नद्या सरळ येईनात. भिंतीचा पहिला दगड काढायचा तर कुणी काढावा यावर पोरांचं भांडण लागलं. अब्राहाम म्हणाला, दयानं. दया म्हणाली, आईनं. मी म्हटलं, "मी लावायला होते, तेव्हा काढायलाही मीच." पहारीनं एक दगड सैल केला. त्याच्यावर श्रीगोंद्याचा थोडा भाग होता. तो मी घरी आणला आहे. बाकीचे अब्राहामनं काढले.

चौकट अब्राहामनं केली. बाभळीचं लाकूड गोरक्षनाथानं दिलं. आबासाहेब चार दिवस मुलाशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी येऊन चौकट ओळंब्यात आहे का ते बघून गेले. म्हणाले, "डाव्या अंगाला वाईच झुकलीय." झुकलेली होती. अब्राहामनं सरळ केली.

आता तुम्हाला हसू येईल ते सांगते. दार खालून मधोमध आलं, त्यात श्रीगोंदा गेला, नगर शहर गेलं, भिंगार छावणीसकट गेलं. अकोल्याकडं भंडारदऱ्याची नीळ तशीच आहे. आणि राहुरी दाराच्या वर राहिली. आपली बोरवाडी, यांनी नगराएवढी मोठी काढलेली, बरोबर चौकटीच्या माथ्यावर आली आहे. जो आत येऊन मागं वळेल त्याला मान वर केली की पहिलं आपलं गाव दिसतं. साहेबांना सांगायला हवं.

परवा शाळा उघडली. मी बिगरीच्या वर्गाला आत बसवलं आणि दार उघडं ठेवलं. बराच वेळ उन्हाशिवाय कुणी आत आलं नाही. दया फळ्यापाशी उभी राहून पाढे घेत होती. तिचं लक्ष दाराकडे होतं आणि सातचा पाढा दोनदा चुकला. पोरांनीच दुरुस्त केला.

मग गोरक्षनाथ धाकट्या भावाला हाताला धरून आला. त्याच्यामागून दोन पोरं आली, ती बहुधा गंमत बघायला. आणि सर्वांत शेवटी झुंबरबाई, छबूच्या धाकट्या बहिणीला, राहीला घेऊन. म्हातारीनं बरोबर गोणपाट आणला होता. दाराच्या बाहेर, गावाच्या बाजूला, तो अंथरला आणि नातीला म्हणाली, "हितं बस. हितनं बी ऐकू येतंय."

भाऊजी, मी जागची हलले नाही. गावातलं पोर, आमच्या उंबऱ्याबाहेर, गोणपाटावर. तुमचे दादा असते तर त्यांचं काय झालं असतं याचा मी विचार करत होते. दयानंही खडू खाली ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींनाही काही बोलायचं होतं आणि कुणीच बोललं नाही. मला तर ती सवयच लागली आहे.

राही बसली. थोडा वेळ ऐकत होती. मग उठली, गोणपाटाची घडी घातली, ती काखेत मारली आणि उंबरा ओलांडून आत येऊन बिगरीच्या पोरांत बसली. आजीला म्हणाली, "आज्जे, तितनं फळा दिसत न्हाई."

झुंबरबाई दारात उभी राहिली. तिनं मान आत घालून पाहिलं, मग वळवून चौकटीच्या आतल्या अंगाला वर पाहिलं. मला विचारलं, "हे काय लिवलंय गं, दाराच्या वर?"

"बोरवाडी," मी सांगितलं.

"एवढी मोठी?"

"हो," मी म्हटलं. "एवढीच आहे."

तुमची,
दीनावहिनी